सासूबाईंच्या घरात उंदीर नाहीत

सासूबाईंच्या घरात उंदीर नव्हते, आणि नसलेले ते उंदीर मारण्यासाठी धाकट्या जावयाला बोलावणं आलं होतं.

या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे ज्याला पटत नाही, त्याने लग्नाच्या फंदात पडू नये. जावयाला पटत होतं. त्याचं पोटच त्यावर चाललं होतं. उंदीर, झुरळं, ढेकूण, वाळवी यांचा बंदोबस्त हा त्याचा धंदा, आणि इतक्या वर्षांत उंदीर असलेलं घर त्याने एकही पाहिलं नव्हतं. प्रत्येकाकडे उंदीर शेजारून येतो, चुकून येतो, आणि बहुधा निघायच्या बेतातच असतो.

"जावईबापू," सासूबाई फोनवर कुजबुजल्या होत्या, घरात दुसरं चिटपाखरू नसताना, "जरा येऊन जा. तुमचं ते सामान आणा. गाडी मात्र आणू नका."

गाडीच्या दोन्ही बाजूंना उताणा पडलेला उंदीर रंगवलेला होता. चारी पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. जावयाला ते चित्र मनापासून आवडायचं. सासूबाईंनी लग्नाच्या आधी ते एकदा पाहिलं आणि तेव्हापासून ‘आमचे धाकटे जावई केमिकलच्या लाइनीत आहेत’ असं सांगायला सुरुवात केली. थोरले जावई, म्हणजे त्याचे साडू, कंपन्यांमध्ये जाऊन नोकरदारांना एकजुटीचं प्रशिक्षण देत. म्हणजे नेमकं काय करत, ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्यामुळे त्यांना घरात मोठा मान होता.

गाडी लाँड्रीच्या पलीकडे उभी करून, सामान भाजीच्या पिशवीत दडवून जावई सासुरवाडीला पोचला. शेगडीच्या मागे लेंड्या होत्या. जिन्याखालच्या कोनाड्यात कुरतडलेला पुठ्ठा, आणि भिंतीच्या कडेने अंग घासून घासून पडलेला तेलकट पट्टा. एखादा वाट चुकलेला पाहुणा नव्हे, नांदतं गोकुळ होतं.

"शेजारून येतात," सासूबाई म्हणाल्या.

"हो, तसंच दिसतंय," जावई म्हणाला.

त्याने चार काळ्या पेट्या चार ठिकाणी ठेवल्या. शेगडीमागे, कोनाड्यात, फडताळाखाली आणि बैठकीच्या खोलीतल्या जड सोफ्याच्या पाठीशी. प्रत्येक पेटीत औषधाचा एक निळसर-हिरवा ठोकळा, साबणाच्या अर्ध्या वडीएवढा. पेटीवर कवटीचं चित्र, बाजूला उंदराला शिरायला भोक, आणि झाकणाला कुलूप. कुलूप उंदरासाठी नसतं. ते माणसांसाठी असतं.

"किल्ली?" सासूबाईंनी हात पुढे केला.

"आई, किल्ली आम्ही गिऱ्हाइकाकडे देत नाही. धंद्याचा नियम आहे."

"मी गिऱ्हाईक आहे?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते देऊन संध्याकाळी घरी जाता आलं नसतं. जावयाने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"फक्त त्याला हात लावू नका," तो म्हणाला. "आणि ईस्टरच्या आधी मी येऊन सगळं उचलून नेतो. मुलं असतील घरात."

"मी कशाला हात लावतेय त्या घाणीला," सासूबाई म्हणाल्या.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात एका बेकरीत झुरळांनी थैमान घातलं, आणि बेकरीवाल्याने सणासुदीचे दिवस म्हणून जावयाचे पाय धरले. उचलायला जायचं राहून गेलं. पेट्या कुलूपबंद आहेत, दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेल्या गोष्टी माणूस फारशा तपासत नाही.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून सगळी मंडळी सासूबाईंकडे आली. थोरली, तिचा नवरा, त्यांची आठ वर्षांची मुलगी. जावई, त्याची बायको धाकटी, आणि त्यांची पाच वर्षांची भिंगरी. थोरलीच्या मुलीला सगळे ‘मॅडम’ म्हणत, कारण ती बोलायला लागल्यापासून कुणाला तरी सूचनाच देत आली होती. भिंगरीला भिंगरी का म्हणत ते तिला दोन मिनिटं पाहिलं की कळायचं.

साडूंनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. फ्रिजवर त्यांनी एक छापील कागद लावला होता: ‘ईस्टर : कुटुंबाने एकत्र आनंद लुटण्याचे सात मार्ग’.

"सात?" धाकटी म्हणाली. "दुपारी जेवायला मिळणार आहे ना?"

"जेवण हा पाचवा मार्ग आहे," साडू म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पहिला मार्ग उकडलेली अंडी रंगवण्याचा. त्यात भिंगरीने एक अंडं आणि स्वतःचे दोन्ही हात निळे केले. दुसरा मार्ग तोंडात चमचा, चमच्यात अंडं घेऊन शर्यत. ती मोठ्यांसाठीही सक्तीची होती आणि थोरली जिंकली, कारण बाकीच्यांना हसू आवरलं नाही आणि तिला हसूच आलं नाही. तिसरा कागदी टोप्यांचा. जावई डोक्यावर पिवळी टोपी घालून खुर्चीत बसला आणि बायकोकडे पाहून पुटपुटला, "माझ्या कामात निदान मास्क असतो."

"चेहरा लपतोय तेवढा लपू दे," ती म्हणाली.

चौथा मार्ग अंडी शोधण्याचा, आणि इथे मात्र साडूंचं काही चालत नसे. ही अंडी सासूबाईंची. चॉकलेट घरी वितळवून, साच्यात घालून त्या ती करायच्या, रंगीत चकचकीत कागदात गुंडाळायच्या, आणि आदल्या दिवशी लपवायच्या. कागद दर वर्षी तेच. अंडं सोडवताना कागद फाडायचा नाही, अंगठ्याच्या नखाने सरळ करायचा आणि आजीला परत द्यायचा, असा या घराचा कायदा होता. धाकटीच्या लहानपणचा एक जांभळा कागद अजून फिरत होता. कागद फाडणाऱ्या मुलाला पुढचं अंडं मिळत नसे. थोरलीने वयाच्या सहाव्या वर्षी एक हिरवा फाडला होता, आणि सासूबाई तो विषय अजून काढत.

"जिन्याखाली जायचं नाही, फडताळाखाली, सोफ्यामागे हात घालायचा नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही," सासूबाईंनी मुलींना बजावलं. "तिथे मी काही लपवलेलं नाही." आणि त्या बटाट्यांकडे वळल्या.

साडूंनी मुलींना खाली वाकून जवळ घेतलं. "आजी असं म्हणते, म्हणजे काय समजायचं? चौकटीबाहेर शोधायचं! जिथे कुणी शोधणार नाही तिथे शोधायचं!" आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

शिट्टीबरोबर जावयाला पेट्या आठवल्या. भीती म्हणता येणार नाही, सवय होती. पेट्या कुलूपबंद आहेत. तरी दहा-पंधरा मिनिटांनी, एकदा बघून घ्यावं म्हणून तो पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला आणि शेगडीमागे वाकला.

पेटी नव्हती.

पेटीच्या जागी तेवढाच एक स्वच्छ चौकोन होता. भोवती धूळ, मधे चौकोन.

"आई," तो हळूच म्हणाला, "पेटी कुठंय?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "माळ्यावर टाकल्या चारही. थोरलीच्या नजरेला पडल्या असत्या तर जगभर झालं असतं. कवटी काय, कुलूप काय! माणसाचं घर आहे का स्मशान?"

"आणि औषध?"

"ते आहे की जागच्या जागी. औषध कशाला टाकीन? उंदीर... म्हणजे ते शेजारचे, यायचे थांबलेत का?" त्यांनी बटाट्यात सुरी खुपसून पाहिली. "तुम्हीच म्हणालात हात लावायचा नाही. म्हणून मी नुसत्या हाताने नाही धरलं. आपल्या कागदात गुंडाळलं छान. दिसायलाही बरं दिसतं. उंदराला दात आहेत, तो काढेल सोडवून."

जावयाला त्या क्षणी सासूबाईंचं बोलणं पूर्ण समजलं, आणि तरीही ते डोक्यात शिरायला वेळ लागला. जड सामान जिन्यावरून वर न्यावं तसं ते एकेक पायरी चढत होतं. आपल्या कागदात. चकचकीत. रंगीत. आणि शेगडीमागे आत्ता काहीच नव्हतं. जिन्याखालून भिंगरीचा आवाज आला, "सापडलं! मला अजून एक सापडलं!"

तो धावला. कोनाडा रिकामा होता. वाटेत फडताळाखाली हात घातला, तिथेही काही नव्हतं. बैठकीच्या खोलीत दोघी मुली गालिच्यावर फतकल मारून बसल्या होत्या. परड्या उपड्या केलेल्या. दोघींची तोंडं चॉकलेटने बरबटलेली. मधोमध नखाने सरळ केलेल्या कागदांची नीट रचलेली चळत, लाल, सोनेरी, हिरवा. कुठल्या कागदातून काय निघालं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"थांबा!" जावई ओरडला. टोपी अजून डोक्यावरच होती.

"काका, वेळ संपल्याची शिट्टी बाबा वाजवणार," मॅडमने सांगितलं.

तो गुडघ्यांवर बसला आणि न सोडवलेली अंडी चाचपू लागला. हे अंडं. हे अंडं. हा ठोकळा, कडा बोटांना लागल्या. त्याने तो खिशात टाकला. अंडं. अंडं. दुसरा ठोकळा. मॅडमच्या फ्रॉकच्या घोळात तिसरा, अर्धा सोडवलेला, कागदातून निळसर-हिरवा कोपरा डोकावत होता.

"हे घाण लागतं," मॅडम म्हणाली. "शेगडीमागे होतं. मी नुसतं चाटलं. थू केलं."

"नुसतं चाटलंस? नक्की?"

"मी खोटं बोलत नाही, काका. खोटं बोलणं वाईट असतं."

या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवण्यासारखा होता. ती खोटं बोलणाऱ्यांची नावं लिहून ठेवणारी मुलगी होती. ठोकळ्याच्या कडा शाबूत होत्या. तीन झाले. चौथा?

"भिंगरी, अजून एक होता. असाच. कुठाय?"

भिंगरी एका जागी बसली होती. हीच गोष्ट मुळात भयंकर होती. ती कधी एका जागी बसत नसे. तिचा उजवा हात मुठीत आवळलेला होता, आणि मूठ पाठीमागे.

"मूठ उघड."

ती मान हलवून नाही म्हणाली. जावयाने तिचा हात पुढे ओढला आणि एकेक बोट सोडवलं. आत जांभळा कागद होता. फाटलेला, चोळामोळा झालेला. त्याच्या घडीत निळसर-हिरवा चुरा. तिच्या बोटांवर निळं, हनुवटीवर निळं. रंगाचं निळं की औषधाचं निळं, ते बापाला कळेना. रोज दहा घरांत जाऊन तो हे औषध ठेवत होता, आणि आपल्या पोरीच्या हनुवटीवरचा डाग त्याला ओळखता येत नव्हता.

"यातलं कुणी खाल्लं? तू खाल्लंस? सांग! खाल्लंस का तू?"

भिंगरीचे डोळे भरून आले. "मी नाही..." एवढं म्हणून तिने दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. भिंगरीने ओठ घट्ट मिटले.

"बाबा विचारतोय ना! खाल्लंस का?"

तिने मान हलवली. हो म्हणून. मग नाही म्हणून. मग पुन्हा हो. बापाला जे हवं असेल ते देऊन एकदाचं मोकळं व्हावं, अशी.

"काय झालं काय?" धाकटी आतल्या खोलीतून आली.

जावयाने वर पाहिलं. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत धमकी असती तर सोपं गेलं असतं. नजरेत विनवणी होती. थोरली बघत होती, साडू बघत होते. आणि जावयाने, ज्याची जीभ धंद्यात कधी अडखळली नव्हती, आयुष्यातली सगळ्यात मूर्ख पाच सेकंद त्या खोलीत घालवली.

"काही नाही," तो म्हणाला. "जुनं... जुनं चॉकलेट आलंय यात थोडं. खराब झालेलं."

"हात्तिच्या!" साडू मोठ्याने हसले. "एवढा आरडाओरडा! पोरं घाबरली बघा. अशा वेळी आपण काय करायचं? आपण स्वतः उदाहरण घालून द्यायचं." आणि त्यांनी मॅडमच्या फ्रॉकच्या घोळात तसाच राहिलेला ठोकळा उचलून त्याचा कोपरा कचकन तोडून तोंडात टाकला.

"थुंका!" जावई किंचाळला. "थुंका ते! विष आहे! उंदराचं विष आहे!"

साडूंनी ते तसंही थुंकलंच असतं. माणसाने चुकून तोंडात घातलं तर बाहेर टाकावं म्हणून त्यात मुद्दामच जहाल कडू पदार्थ घातलेला असतो. त्यांचा चेहरा कागदासारखा चुरगळला. गालिच्यावर निळसर-हिरवा लगदा पडला.

"उंदीर?" थोरली म्हणाली. "आई, आपल्याकडे उंदीर आहेत?"

सासूबाई भिंतीला टेकल्या.

"आहेत," जावई म्हणाला. "भरपूर आहेत. मी औषध ठेवलं, किल्ली मी दिली, उचलायला मी आलो नाही. आता गाडी काढा कुणीतरी."

"कडू आहे, कडू आहे म्हणजे पोरीने पण थुंकलं असेल," साडू जीभ रुमालाने घासत म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "एवढं कडू कुणी गिळणारच नाही."

जावयालाही क्षणभर हायसं वाटलं. मग धाकटी अगदी हळू बोलली. "ही गिळते."

खरं होतं. हिवाळ्यात भिंगरी आजारी होती तेव्हा त्यानेच शिकवलं होतं तिला. नाक धरायचं, डोळे मिटायचे, एका दमात गिळायचं, तोंड वाकडं करायचं नाही. शूर मुली तोंड वाकडं करत नाहीत. भिंगरी आता कसलंही कडू औषध बिनतक्रार घ्यायची, आणि तो चार लोकांत अभिमानाने सांगायचा.

साडूंच्या गाडीतून ते इस्पितळात गेले. धाकटी मागे भिंगरीला मांडीवर घेऊन बसली. पुढे जावई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो जांभळा कागद. भिंगरी खिडकीतून बघत होती, पाय हलवत होती, गाणं म्हणत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. आणि हेच त्याच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. त्याला ठाऊक होतं, हे औषध लगेच काही करत नाही. उंदीर चाणाक्ष असतो. एक खाऊन जागीच मेला तर बाकीचे शहाणे होतात. म्हणून ते मुद्दाम सावकाश काम करतं. दोन-तीन दिवस खाणारा ठणठणीत असतो. खेळतो, खातो, झोपतो. मग रक्त गोठायचं थांबतं. गिऱ्हाइकांना तो हे नेहमी समजावून सांगायचा, वर कौतुकाने म्हणायचा, ‘बघा, काय डोकं लढवलंय.’

"बाबा, आपण कुठे चाललोय? हा सहावा मार्ग आहे का?" भिंगरीने विचारलं.

साडू गाडी चालवता चालवता हुंदका आल्यासारखे हसले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर ठेवून बोलत. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, जोर विचारला, ठोकळ्याचं वजन विचारलं. जावयाने सगळं घडाघडा सांगितलं. त्याला डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा पाठ होती.

"तुम्हाला बरंच माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माझा धंदाच आहे," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याला आयुष्यात पहिल्यांदा लाजिरवाणं वाटलं.

बाईंनी भिंगरीला टेबलावर बसवलं. हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. मग सहज, दुसरंच काहीतरी विचारावं तसं म्हणाल्या, "काय गं, काय झालं आज?"

"मी कागद फाडला नाही," भिंगरी म्हणाली.

"कुठला कागद?"

"जांभळा. तो फाटकाच होता. जिन्याखाली. आत काहीच नव्हतं, नुसता चुरा. आजी म्हणाली असती मी फाडला." आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तासाभरापासून अडवून धरलेलं रडू होतं ते.

धाकटीने तिला जवळ घेतलं. जावयाने पिशवीतला कागद दिव्यासमोर धरला. फाटलेल्या कडेवर, शेजारी शेजारी, बारीक जोडखुणा होत्या. दाताच्या. असे दात त्याने पाइपांवर, पुठ्ठ्यांवर, साबणांवर शेकडो वेळा पाहिले होते, अंधारात नुसत्या बोटाने ओळखले होते. बैठकीच्या खोलीत हाच कागद त्याच्या हातात होता, आणि त्याला फक्त पोरीची मूठ दिसली होती.

"उंदराने खाल्लंय," तो म्हणाला. "हे बघा, हे दात."

मग त्याने कागद जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. खरंच जोडखुणा होत्या, की पाच वर्षांच्या पोरीच्या नखांच्या? त्या वेळी त्याला कुणी कागदावर हत्तीचे दात दाखवले असते तरी ते त्याला दिसले असते.

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण सकाळी तिने खाल्लं म्हणून मान हलवली होती, असं तुम्हीच सांगताय. मुलांच्या सांगण्यावर मी उपचार ठरवत नाही. आईबापांच्या तर मुळीच नाही. यावर उतारा आहे, चांगला लागू पडतो. पण आत्ताच दिला तर दोन दिवसांनी रक्तात काय चाललंय ते नीट कळणार नाही. परवा रक्त तपासू. तोवर पडू देऊ नका, आपटू देऊ नका. हिरड्या, नाक, अंगावर काळंनिळं काही दिसलं तर तडक इथे. मोठीला पण घेऊन या परवा, चाटलंय म्हणते ना."

"आणि मी?" दारातून साडूंनी विचारलं. "माझं काय? माझ्या जिभेवर होतं ते. मला जरा... बधिर वाटतंय."

"तुम्ही थुंकलात ना?"

"थुंकलो, पण माझा आत्मविश्वास आत गेल्यासारखा वाटतोय," साडू म्हणाले. बाईंनी चष्मा खाली घेऊन त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर सरकवला.

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याला पाळत म्हणतात. भिंगरीला पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, जिना उतरायचा तो कडेवर. जी पोर एका जागी बसत नाही म्हणून तिला ते नाव पडलं, तिला दोन दिवस सोफ्यावर बसवायचं होतं. जावयाने कामं रद्द केली. टेबलाच्या कोपऱ्यांना टॉवेल गुंडाळले. दर थोड्या वेळाने तो तिला उजेडात न्यायचा. "आ कर. वर बघ. ओठ वर कर." गुलाबी. मग स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडून तो बायकोला बोलवायचा. गुलाबी ना? गुलाबीच ना?

"गुलाबी," धाकटी म्हणायची. दोन दिवसांत ती त्याच्याशी एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या पोटरीवर निळा डाग दिसला. जावई तिला उचलून दारापर्यंत पोचला होता, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. धाकटीने ओल्या फडक्याने डाग पुसला. पुसला गेला. अंडी रंगवायचा रंग होता. जावई दारातच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"बाबा," भिंगरीने त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून विचारलं, "तू उंदराला देतोस ते त्याला पण कडू लागतं?"

"त्याला नाही कळत ते."

"मग त्याला कोणी तोंड उघड म्हणतं का?"

"नाही," तो म्हणाला.

तिने थोडा विचार केला. "मग त्याने खाल्लं की नाही ते त्याच्या बाबाला कळत नसेल."

सासूबाईंचा फोन सकाळ-संध्याकाळ यायचा. त्या उंदरांबद्दल बोलत नसत, कागदांबद्दल बोलत नसत. "कशी आहे?" एवढंच विचारायच्या, आणि उत्तर ऐकूनही फोन ठेवायच्या नाहीत. मग दुसऱ्या संध्याकाळी त्या एकदम म्हणाल्या, "कागद मी सगळे जाळून टाकले, जावईबापू."

"बरं केलंत, आई."

"थोरली सगळीकडे सांगत सुटलीय."

"सांगू दे."

"मीच सांगितलं तिला, सांग म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "शेजारीण पण आली होती विचारायला. तिच्याकडेही आहेत म्हणे. वर्षानुवर्षं. म्हणते, तुमच्याकडून येतात."

मंगळवारी रक्त घेतलं. सुई टोचताना भिंगरीने नाक धरलं, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं नाही. जावयाला ते बघवेना. "रड ना," तो तिच्या कानात म्हणाला. "दुखतंय तर रड. थुंकावंसं वाटलं तर थुंक. शूर-बिर काही नको." ती त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिली, मोठ्या माणसांचे नियम हे असे अधूनमधून बदलतात, हे बहुधा तिला नवीन नसावं.

सुई टोचलेल्या जागी कापसाचा बोळा धरून बसायचं होतं. धाकटीने बोळा धरला होता. थोड्या वेळाने तिने तो अलगद उचलून पाहिला, आणि जावयानेही मान वाकवून पाहिलं. रक्ताचा ठिपका होता. वाळलेला. नवीन येत नव्हतं. दोघं त्या ठिपक्याकडे अशी बघत राहिली, जणू अख्ख्या इस्पितळात तेवढंच बघण्यासारखं होतं.

निकाल दुपारी आला. भिंगरीचा ठीक. मॅडमचा ठीक. साडूंनी आपला स्वतंत्रपणे करून घेतला होता. तोही ठीक, पण ते दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करणार होते. बाई म्हणाल्या, "काही गेलेलं दिसत नाही पोटात. पळू दे आता तिला."

भिंगरी त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये सुटली. दोन दिवसांचं साठलेलं पळणं होतं. जावई तिच्यामागे "हळू, हळू" म्हणत निघाला, आणि धाकटीने त्याची बाही धरली.

"ती किल्ली," ती म्हणाली.

"हं."

"परत आण."

"आणली. काल."

"ठीक," ती म्हणाली, आणि बाही सोडली नाही. ती तशीच धरून चालत राहिली, चुरगळेपर्यंत.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. बाईंनी कसलीही काळजी नको म्हणून लेखी दिलंय. उंदराने खाल्लं हे जावयाला पटलेलं आहे. तो तसं चारचौघांत सांगतोही, दातांच्या खुणांसकट. मात्र सकाळी भिंगरी झोपेतून उठते, डोळे चोळत बाहेर येते, आणि कुणी काही म्हणायच्या आत खिडकीपाशी, उजेडात, बापासमोर उभी राहून तोंड उघडते. तोही वाकतो. ओठ वर करून बघतो.

"गुलाबी?" ती तोंड न मिटता विचारते.

"गुलाबी," तो म्हणतो. आणि एकदा अजून बघतो.